सोनीबाईंच्या शेडमधलं संप्रेरक

हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं, की मला तुतीच्या पानांचा वास येतो. बोर्डाजवळ तुती नाही. एक उंच, रोडावलेला अशोक आहे आणि त्याच्याखाली पोरांच्या मोटारसायकली. तरीही येतो, ओला, हिरवा, थोडासा कच्च्या भेंडीसारखा. मग दिवसभर मी वर्गात एक बोलते आणि मन दुसरीकडेच असतं. पोरांना ते कळतं. 'मॅडम आज तांड्यावर गेल्या,' असं मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटतं आणि मी ऐकलंच नाही असं दाखवते.

नेरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. राहायला यवतमाळला, सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं परतायचं. आजोबा कोर्टात, वडील ट्रेझरीत, मोठा भाऊ कलेक्टर कचेरीत. आमच्या घरात घड्याळ, कॅलेंडर आणि शिक्का यांच्यावर सगळ्यांची फार श्रद्धा. वेळेवर न येणारी एकच वस्तू आमच्या आयुष्यात आहे, ती म्हणजे एसटी, आणि तिचं उशिरा येणं आम्ही सगळे वैयक्तिक अपमान म्हणून घेतो. मीही अशीच. कॉलेजात कुणाला वेळापत्रक जमत नसेल तर ते माझ्याकडे येतं, आणि ते जुळवताना मला लग्न जुळवल्याचा आनंद होतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते या स्वभावामुळेच झालं.

तिसऱ्या वर्षाला एक धडा आहे: स्टेरॉइड संप्रेरकं पेशीत काय करतात. हमखास येणारा प्रश्न. बरीचशी संप्रेरकं पेशीच्या दारातच थांबतात आणि बाहेरून हाक मारतात. स्टेरॉइडचं तसं नाही. एकमेकींना चिकटलेल्या चार कड्यांचा हा तेलकट रेणू. पेशीचं आवरणही तेलकट, त्यामुळे हा गडी बेल न वाजवता सरळ आत. आत त्याच्यासाठी एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. त्या प्रथिनात अगदी त्याच्याच मापाची खोबण असते. रेणू खोबणीत बसला, की प्रथिनाची एक घडी त्याच्यावर झाकणासारखी मिटते. त्या मिटण्यानं सगळ्या प्रथिनाचं रूप पालटतं आणि डीएनएवरच्या ठरलेल्या जागी ते एखादं जनुक जागं करतं. मी फळ्यावर एक मोठा गोल काढायची, त्यात छोटा गोल, बाहेरून आत एक बाण. पोरं उतरवून घ्यायची, मी फळा पुसायची. बावीस वर्षं मी हे शिकवलं आणि त्यात मला एकदाही नवल वाटलं नाही, हे आज सांगायची लाज वाटते.

मग एका वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात सारिका आडेनं माझ्या टेबलावर एक बाटली ठेवली. सारिका नेरपासून सात-आठ किलोमीटरवरच्या तांड्यातली, बंजारा घरातली. घरात गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी, अशा तीन भाषांत तिचा दिवस जायचा आणि एकीतही ती अडायची नाही.

"मॅडम, तुमी काल शिकवलं ते हेच हाये का?"

मी चष्मा लावून लेबल वाचलं. वनस्पतींपासून काढलेला अर्क, रेशीम किड्यांसाठी. खाली बारीक अक्षरांत त्या स्टेरॉइडच्या कुळाचं नाव होतं, ज्याच्या आज्ञेवरून जगातला प्रत्येक किडा कात टाकतो. माझ्या धड्यातला तो चार कड्यांचा रेणू बाटलीत बसून माझ्या टेबलावर आला होता.

"हे तुझ्याकडे कुठून?"

"शेडातलं हाये. आमी रेशीम करतो ना. किडे पिकाले लागले का पानावर मारा लागते. मंग मागं-पुढं न होता सगळे एकाच वेळी कोष कराले चढतेत." मग ती म्हणाली, "तुमी येजा ना एखाद्या दिवशी. याडीले बरं वाटन."

याडी म्हणजे आई. सोनीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांनी मला शेडच्या दारातून परत पाठवलं तेव्हा. चपला काढल्या होत्या, चुना टाकलेल्या पाण्यात पाय बुडवले होते, तरी त्या दार अडवून उभ्या. "बाई, हात धुऊन या. बामचा वास येऊन राह्यला." सकाळी डोकं दुखत होतं म्हणून बाम चोळला होता, हे माझ्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. मी दोनदा साबण लावून हात धुतले. सोनीबाईंनी ते हुंगले आणि मगच मला आत घेतलं. प्रयोगशाळेत मुलांच्या नखांवरून ओरडणारी मी, त्या दिवशी मुकाट्यानं हात पुढे करून उभी होते.

आत रॅकवर रॅक, त्यांवर तुतीच्या पानांसकट फांद्या आणि फांद्यांवर बोटभर लांबीचे पांढरे किडे. हजारो. आणि त्यांच्या खाण्याचा आवाज! परीक्षेच्या हॉलमध्ये सगळी पोरं एकदम पुरवण्या उलगडायला लागली तर जसा येईल तसा, आणि तो थांबतच नव्हता. सोनीबाई फांद्या टाकत पुढे जात होत्या. बोलताना त्यांचा आवाज खाली असायचा.

त्या महिन्यात मी चार-पाच वेळा गेले. एकदा गेले तर शेड गप्प. किडे मान वर करून तसेच्या तसे थांबलेले, जणू कुणी काही सांगत होतं आणि ते ऐकत होते. "निजले," सोनीबाई दाराबाहेरूनच म्हणाल्या. किडे निजले, म्हणजे कात टाकायच्या बेतात आले, की त्या कुणालाही आत सोडत नसत, पान देत नसत, रॅकला धक्का लागू देत नसत. मी बाहेर दगडावर बसले आणि मला पहिल्यांदा माझा धडा खरा वाटला. त्या प्रत्येक किड्याच्या छातीतली इवलीशी ग्रंथी त्या क्षणी तो रेणू सोडत होती. आणि तो रेणू तरी कशाचा? किड्याला स्वतःला त्या कड्या घडवता येत नाहीत. कच्चा माल तुतीच्या पानातूनच घ्यावा लागतो. सोनीबाईंनी पहाटे कापून आणलेल्या फांदीतलं काहीतरी त्याच्या अंगात जाऊन आज्ञा झालं होतं.

त्याहून मोठी मौज पुढे आहे. आपल्या शरीरातले काही रिसेप्टर पेशीच्या अंगणात थांबतात, संप्रेरक आलं की त्याला घेऊन आत केंद्रकात जातात. किड्याचा हा रिसेप्टर मात्र आधीपासूनच एका जोडीदाराला धरून थेट डीएनएवर ठाण मांडून असतो. नुसता बसलेला नसतो. संप्रेरक येईपर्यंत ते जनुक तो दाबून धरतो. ज्याला पुढे उठवायचं, त्यालाच तोवर झोपवून ठेवायचं. आणि एकच रेणू किड्याला चार वेळा सांगतो 'कात टाक, पुन्हा खा,' आणि शेवटच्या वेळी सांगतो 'आता खाणं पुरे, कोष कर.' शब्द तोच. तोवर बालपणाचं दुसरं एक संप्रेरक रक्तातून ओसरलेलं असतं, म्हणून त्याचा अर्थ बदलतो. किती सुंदर आहे हे! बावीस वर्षांत मी हे वाक्य वर्गात कधी उच्चारलं नव्हतं.

आता मी चोपन्न वर्षांची आहे. माझ्या शरीरातलं एक स्टेरॉइड गेल्या दोन-तीन वर्षांत जवळजवळ आटलं. वर्गात शिकवता शिकवता कानशिलं पेटतात, ऐन डिसेंबरात मी पंखा लावते आणि पोरं स्वेटरात कुडकुडतात. पूर्वी मी यावर चिडले असते. आता मनात येतं, ते रिसेप्टर बिचारे अजून आपापल्या पेशीत खोबण उघडी ठेवून आहेत. त्यांच्याबद्दल मला चक्क माया वाटते. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतानाही तेच होतं. प्रश्नपत्रिका हातात पडली, की प्रत्येक पोराच्या रक्तात ताणाचं स्टेरॉइड उसळतं आणि यकृतातल्या पेशीही कामाला लागतात. मी कॉपी पकडायला उभी असते, पण पूर्वीइतका राग येत नाही.

तर त्या हिवाळ्याची गोष्ट. तांड्यातल्या बऱ्याच घरांना दिवाळी झाली की कुलूप लागतं. माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडे जातात, होळीच्या सुमारास परततात. सोनीबाई लग्न झाल्यापासून जात होत्या. सारिका लहानपणी उसाच्या फडातच खेळली. तिनं हट्ट धरून शेड उभी करायला लावली ती एवढ्याचसाठी, की आईचं हे जाणं थांबावं. पण पावसाळ्यातली पहिली बॅच रोगानं गेली होती आणि तिचे वडील, देवसिंगभाऊ, यांचा किड्यांवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी एकच अट घातली. टोळीचा ट्रक शुक्रवारी येणार. ट्रक निघेपर्यंत किडे कोषावर चढले तर नवरा-बायको दोघं राहतील. नाही चढले तर दोघं जातील, आणि शेड कायमची बंद.

"मॅडम, गुरुवारी माझं प्रॅक्टिकल, शुक्रवारी ट्रक," सारिका मला म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "कसं करू?"

वेळापत्रकाच्या बाईला याहून गोड प्रश्न कुणी विचारला नसेल. मी माहितीपुस्तिका घेतली, कॅलेंडर घेतलं, शेवटची कात टाकल्याचा दिवस धरला, बोटांवर दिवस मोजले आणि निकाल दिला: मंगळवारी संध्याकाळी अर्क मारायचा. गुरुवारपर्यंत किडे चढतील, शुक्रवारी देवसिंगभाऊंना कोष दाखवायचे. बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं, की पहिले मोजके किडे पिकलेले दिसल्यावरच वापरा. त्या आठवड्यात थंडी एकदम उतरली होती, आणि थंडीत किडा हळू खातो, हळू वाढतो. हे दोन्ही मला माहीत होतं. पण माझं गणित इतकं छान जुळलं होतं, की मी किड्यांकडे पाहिलंच नाही.

मंगळवारी मी स्वतः तांड्यावर गेले. सारिकानं पहिल्या रॅकवर फवारा मारला, मी घड्याळ घेऊन शेजारी. ती दुसऱ्या रॅककडे वळणार तेवढ्यात सोनीबाई डोक्यावर फांद्यांचा भारा घेऊन दारात आल्या.

"काय मारून राह्यली व?"

"याडी, मॅडमनं सांगतलं. शुक्रवारच्या आत..."

सोनीबाईंनी भारा उतरवला. हात धुतले, पुसले. दुसऱ्या रॅकवरचा एक किडा तळहातावर घेतला आणि जाळीतून येणाऱ्या उजेडासमोर धरला.

"बाई, पाहा बरं. आरपार दिसते का काही?"

नव्हतं दिसत. पिकलेल्या किड्याचं अंग उजेडात आरपार दिसतं. किडा पांढराफेक, घट्ट, तोंड हलवत पान शोधत होता.

"हा अजून जेवून राह्यला. तुमच्या घरी जेवत्या माणसाले पानावरून उठवता का तुमी?"

मी ओशाळले, पण हट्टी माणूस एका फटक्यात गप्प बसत नाही. म्हटलं, "अहो, पण शुक्रवारी ट्रक येईल त्याचं काय?"

"ट्रक मले न्याले येऊन राह्यला, बाई. त्यायले नाई."

त्यांनी सारिकाच्या हातातला पंप काढून घेतला, धुऊन खुंटीला लावला आणि किड्यांना पानं टाकायला लागल्या. त्या शेडमध्ये सगळ्यांत जास्त घाई असायला हवी होती ती या बाईला. फडात कोयता घेऊन वाकायचं होतं ते तिला, पाचटाच्या खोपीत राहायचं होतं ते तिला. आणि तीच म्हणत होती, खाऊ द्या. परतीच्या एसटीत मला रडू आलं. शेजारच्या बाईनं खिडकी लावू का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं.

पहिल्या रॅकचं जे व्हायचं ते झालं. बुधवारी सकाळपासूनच तिथले किडे पान सोडून भटकू लागले. रेणू वेळेआधी पोचला, खोबणी भरल्या, झाकणं मिटली, आज्ञा सुटली. किड्यांनी ती पाळली. पण अंगात रेशीमच पुरतं साठलं नव्हतं, तर ते विणणार कशाचं? त्यांची जाळी इतकी विरळ होती, की आतला किडा हलताना दिसायचा. मी सोनीबाईंना फोन केला, चूक माझी होती म्हटलं. "एकच रॅक गेली," त्या म्हणाल्या. "बाकीच्यायले तुमचं वेळापत्रक समजलं नाई, हे बरं झालं." आणि हसल्या. इतकं मोकळं हसू मला तरी फोनवर ऐकल्याचं आठवत नाही.

गुरुवारच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सारिकाला तोंडी परीक्षेत विचारलं, "संप्रेरक तर सगळ्या शरीरात फिरतं. मग काम ठराविक पेशींतच का होतं?"

"रिसेप्टर ज्या पेशीत असतो तिथंच ते लागू पडते, सर."

"म्हणजे रिसेप्टर असला की झालं?"

"नाही, सर. वेळ यावी लागते. पोट भरलं नसताना दिलं तर किडा विणतो, पण कोष कागदासारखा होतो. मी पाहिलं."

"कुठे?"

"घरीच. चुकून झाला प्रयोग," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. परीक्षकांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच दुपारी सोनीबाईंचा फोन आला: पाच-सहा किडे पानं सोडून कडेला आले आहेत, अंग आरपार दिसतंय. सारिका प्रॅक्टिकल संपवून धावत गेली. दिवस मावळताना मायलेकींनी उरलेल्या सगळ्या रॅकवर अर्क मारला.

शुक्रवारी मी आयुष्यातली पहिली न ठरवलेली रजा टाकली. तांड्यावर पोचले तेव्हा ट्रक आलेला होता. त्यात भांडी, बाजा, पोती, एक शेळी चढत होती. देवसिंगभाऊंचं गाठोडं बांधून शेडच्या दाराशी ठेवलेलं. चढवलेलंही नाही, सोडलेलंही नाही. आत खाण्याचा आवाज तसाच चालू. ते दारातून विचारायचे, "काय म्हणते?" आणि सोनीबाई आतून सांगायच्या, "थांबा."

दहा वाजले. साडेदहा. टोळीचा मुकादम दोनदा हाक मारून गेला. मी घड्याळ पर्समध्ये टाकून दिलं.

अकराच्या सुमारास आवाज कमी झाल्यासारखा वाटला. मला आधी भास वाटला. मग मधल्या रॅकवर एका किड्यानं डोकं वर केलं आणि हवेत इकडून तिकडे फिरवलं. त्याच्या शेजारच्यानं केलं. पिवळसर, काचेसारखी अंगं. आत भरलेलं रेशीम उजेडात दिसत होतं. बघता बघता एक रॅक, मग दुसरी, मग सगळी शेड माना वर करून उभी राहिली आणि तो पुरवण्यांचा आवाज विरत विरत थांबला. एवढ्या जीवांच्या प्रत्येक पेशीत या घटकेला काय चाललंय, हे मला पावलोपावली ठाऊक होतं. पानावरून पोटात, पोटातून रक्तात, रक्तातून पेशीत. खोबण, घडी, झाकण. दाबून धरलेलं जनुक सोडून देणारा तो जोडीनं बसलेला रिसेप्टर. पुस्तकात वाचलेलं आणि डोळ्यांपुढचं, दोन्ही एकच होतं.

"या," सोनीबाईंनी नवऱ्याला हाक मारली.

देवसिंगभाऊ आत आले. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं आणि ते बाहेर गेले. बाहेर त्यांचा आवाज आला, "आमचं या साली नाई जमत. तुमी निंगा." मुकादम काहीतरी करवादला. मग ट्रक सुरू झाला. सारिका दाराकडे धावली, मीही रॅकसमोरून वळले. इतक्या वर्षांचा रस्ता सोनीबाईंना मागे टाकून जात होता, तो मला पाहायचा होता.

सोनीबाई मात्र पाठमोऱ्याच. कोषासाठी टेकवून ठेवलेल्या जाळ्यांवर एकेक किडा उचलून सोडत होत्या, दोन बोटांनी, न दाबता.

"बाई, इकडं पाहा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ट्रक जाते आपला बरोबर. हे आता थांबत नसतेत."